मुंढ्यात घट्ट नको : एडिनबरातले पाच दिवस

निघण्याआधीची रात्र

“दोन्ही हात वर कर,” मावशी म्हणाली. “विमानात वरच्या कप्प्यात बॅग ठेवतेस ना, तसे.”

माझ्या अंगात मेरिनो लोकरीचा पातळ टॉप, त्यावर शर्ट, त्यावर राखाडी स्वेटर आणि सगळ्यांवर माझा आवडता कॅमल रंगाचा लोकरी कोट होता. हात खांद्याच्या रेषेपर्यंत गेले आणि तिथेच अडले. पाठीवर कापड ताणलं गेलं, बाह्या मनगटापासून चार बोटं वर सरकल्या.

“मुंढ्यात घट्ट आहे. हा नको नेऊस.” मुंढा म्हणजे बाही खांद्यापाशी जोडलेली असते ती जागा.

पण कोट फार सुरेख पडत होता. गुडघ्याच्या जरा खाली येणारा, कॉलर रुंद, रंग असा की खाली काहीही घाला, शोभतंच. मी तो नेला.

मावशी आयुष्यभर शिवणकाम करत आली आहे. कपडा हातात आला की ती आधी तो उलटा करते. टीप बघते, अस्तर बघते, दाबात, म्हणजे शिवणीच्या आत, किती कापड सोडलंय ते बघते आणि मग सुलट करून रंगाबद्दल बोलते. तिच्याबरोबर ऑक्टोबरच्या मध्यात पाच दिवस स्कॉटलंडमधल्या एडिनबराला जायचं ठरलं, तेव्हा माझ्या बॅगेतला प्रत्येक कपडा तिच्या हाताखालून गेला. तिथे या दिवसांत दुपारी साधारण १३ अंश आणि रात्री सहा-सात अंश तापमान असतं. आकडा वाचून कुणी घाबरणार नाही. पण शहर टेकड्यांवर वसलेलं, समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वारा थांबत नाही. एका रस्त्यावर ऊन, कोपरा वळला की गारठा, मध्येच पावसाची सर, आणि कुठल्याही इमारतीत पाऊल टाकलं की हीटर. म्हणजे दिवसातून दहा वेळा कपडे उतरवायचे आणि दहा वेळा पुन्हा चढवायचे.

लेअरिंग म्हणजे एकावर एक कपडे घालणं, एवढंच मला वाटायचं. घालणं सोपंच असतं. उतरवताना काय दिसतं, हा विचार मी कधी केला नव्हता. मावशीने एकच अट घातली : “वरचं काढलंस की खालचं झाकावंसं वाटता कामा नये.” या अटीत माझा जुना, गळा सैल झालेला थर्मल पहिल्या फेरीतच बाद झाला. बाह्यांवर गोळे आलेला एक स्वेटर बाद झाला. एक टी-शर्ट, जो मी फक्त आत घालायला म्हणून ठेवला होता, तोही गेला. “फक्त आत घालायला” असा कपडा या प्रवासात चालणारच नव्हता.

शेवटी उरलं ते असं. १५० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचे) मेरिनोचे पूर्ण बाह्यांचे दोन टॉप, एक नेव्ही आणि एक साय रंगाचा. निळा सुती शर्ट एक. विटकरी कार्डिगन. राखाडी स्वेटर. बिनबाह्यांचं पातळ क्विल्टेड जॅकेट. गडद जीन्स, लोकर मिसळलेली राखाडी पँट, एक प्लीटेड स्कर्ट आणि जाड काळ्या टाइट्स. कोट. मुठीत मावेल एवढं रेनजॅकेट. एक मोठा मोहरी रंगाचा स्कार्फ, टोपी, हातमोजे. पायात घोट्यापर्यंतचे बूट आणि बॅगेत पांढरे स्नीकर्स. बहुतेक सगळं नेव्ही, राखाडी आणि साय या तीन रंगांतलं. विटकरी आणि मोहरी हे दोन बोलके रंग फक्त मधल्या लेअरला आणि गळ्याला. त्यामुळे अंधारात हात घालून काढलेला कुठलाही कपडा कुठल्याही दुसऱ्यावर बसतो. सकाळी आरशासमोरचा वेळ वाचतो आणि तो वेळ ऑक्टोबरमध्ये तिथे मोलाचा असतो, कारण सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो.

पहिला दिवस

बॅगेचं वजन वाचवायला सगळ्यात जड कपडे अंगावर घालून निघाले. विमानात वरचा कप्पा उघडला, बॅग उचलली, हात वर नेले आणि उजव्या काखेमागून बारीक “चर्र” ऐकू आलं. मावशी माझ्या मागेच उभी होती. ती काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या पाठीवर हात ठेवून उसवलेली जागा चाचपली आणि “दोन इंच” एवढंच म्हणाली.

विमानतळावरून शहरात ट्रामने आलो. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. ट्रामच्या आतल्या उबेत मला घाम फुटला. चार लेअर अंगावर आणि सगळ्यात वरचा कोट काढायची सोय नाही, कारण काढताना टाके आणखी जातील ही भीती. खिडकीबाहेर शहर जवळ येत होतं आणि मी स्कार्फ तेवढा सोडून बसले होते. स्कार्फ सोडल्यावर जो फरक पडला तो मात्र लक्षात राहिला. गळ्याशी मोकळं झालं की शरीरातली गरम हवा वर निघून जाते. कोट न काढता ऊब कमी-जास्त करायची असेल तर गळा हे सगळ्यात सोपं दार आहे. पुढच्या चार दिवसांत मी हे दार किती वेळा उघडलं-मिटलं याला गणती नाही.

प्रिन्सेस स्ट्रीटवर उतरलो आणि समोर काळ्या कातळावर किल्ला. एका बाजूला दुकानांची रांग, दुसऱ्या बाजूला बाग, बागेपलीकडे एकदम उभा चढ आणि त्यावर जुनं शहर. एवढी मोठी उंची-खोली शहराच्या ऐन मध्यात मी कुठे पाहिली नव्हती. संध्याकाळचा उजेड किल्ल्याच्या दगडावर मधासारखा पडला होता. बागेतल्या झाडांची पानं अर्धी हिरवी, अर्धी गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची. माझं विटकरी कार्डिगन त्या वेळी बॅगेच्या तळाशी होतं आणि मला ते आत्ताच घालावंसं वाटत होतं.

रात्री मावशीने सुई-दोरा काढला. कोटाला आतून अस्तर, त्यामुळे आतून टीप मारता येईना. अस्तर उसवायला तिची तयारी नव्हती. मग बाहेरूनच, दिव्याखाली, एक टाका या काठाच्या घडीत, एक त्या काठाच्या घडीत, शिडीच्या पायऱ्यांसारखा. सात-आठ टाके झाले की दोरा हळूच ओढायचा. फट डोळ्यांदेखत मिटते आणि दोरा दिसेनासा होतो. तिने कोट माझ्या अंगावर चढवला तेव्हा आत फक्त मेरिनोचा टॉप होता. हात सहज वर गेले.

“हा कोट पातळ टॉपवर घालायचा,” ती म्हणाली. “स्वेटरवर नाही. कोटाचा दोष नाही गं, तू त्याच्यात माणसं जास्त बसवलीस.”

दुसरा दिवस

नेव्ही टॉप, विटकरी कार्डिगन, राखाडी पँट. वर कोट घालून पाहिला. कार्डिगन पातळ विणीचं असल्यामुळे मुंढ्यात जेमतेम मावत होतं, तरीही मी ते काढून क्विल्टेड जॅकेट घातलं. बिनबाह्यांच्या जॅकेटचं महत्त्व मला त्या सकाळी पटलं. छाती आणि पाठ उबदार राहते आणि मुंढ्यात एकही जास्तीचा पदर येत नाही. कपडे एकावर एक चढतात तेव्हा अडचण तीनच जागी होते : मुंढा, गळा आणि मनगट. बिनबाह्यांचं जॅकेट यातल्या दोन जागा मोकळ्या सोडतं. कार्डिगन घडी करून पिशवीत टाकलं.

रॉयल माइलवर, म्हणजे किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, सकाळभर चाललो. दोन्ही बाजूंना उंच दगडी इमारती आणि त्यांच्यामधून खाली उतरणारे अरुंद बोळ. त्यांना तिथे ‘क्लोज’ म्हणतात. बोळाच्या तोंडाशी गेलं की वारा नळीतून आल्यासारखा अंगावर येतो. अ‍ॅडव्होकेट्स क्लोजच्या वरच्या टोकाला उभं राहिलं की खाली, दोन भिंतींच्या चौकटीत, स्कॉट स्मारकाचा काळवंडलेला मनोरा दिसतो. तिथे एक फोटो घ्यायला थांबलो तेवढ्यात दोघींचे स्कार्फ तोंडावर आले.

स्कार्फ बांधण्याबद्दल थोडं सांगते, कारण वाऱ्यात नुसता गळ्यात टाकलेला स्कार्फ कामाचा नाही. मोठा स्कार्फ लांबीत दुमडायचा, दुमडीचा फासा एका हातात धरून मानेमागून घ्यायचा आणि दोन्ही टोकं त्या फाशातून ओवायची. मग टोकं कोटाच्या आत, छातीवर पसरून ठेवायची. उडत नाही, आणि छातीवर दोन पदरांची आणखी एक ऊब मिळते. वर कॉलरमधून मोहरी रंगाची दोन बोटं रुंदीची पट्टी दिसते. राखाडी दगडाच्या शहरात तेवढा रंग पुरतो.

दुपारी एक वाजता किल्ल्यावरून तोफ झाली. रविवार आणि एक-दोन सणांचे दिवस सोडले तर १८६१ पासून ती रोज एकला उडवली जाते. मावशी दचकली, मग लगेच मनगटावरचं घड्याळ तिने त्या आवाजावर लावून घेतलं.

तोफेनंतर चेंबर्स स्ट्रीटवरच्या नॅशनल म्युझियममध्ये गेलो. प्रवेश विनामूल्य आहे. आत मोठं, काचेच्या छताचं, लोखंडी खांबांचं दालन, भरपूर उजेड आणि भरपूर ऊब. पाचव्या मिनिटाला कोट हातावर आला, दहाव्या मिनिटाला क्विल्टेड जॅकेट. मग मी नुसत्या नेव्ही टॉपवर होते, आणि तो टॉप गळ्याशी नीट बसलेला, बाह्या मनगटाशी चपखल, पँटमध्ये खोचलेला. स्कार्फ खांद्यावर उभा सोडला आणि झालं. मावशीच्या अटीचा अर्थ इथे कळला. चार तास मी त्या संग्रहालयात हिंडले आणि एकदाही स्वतःच्या कपड्यांकडे लक्ष गेलं नाही.

त्या इमारतीत कपड्यांचं वेगळं दालन आहे. पण आम्हा दोघींचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो हायलँड, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पोशाखाच्या गोष्टीत. आज दिसतो तो किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुण्यांचा घागरा, शिवलेला असतो. त्याच्या आधीचा जुना प्रकार म्हणजे काही वार लांब, न शिवलेलं लोकरी कापड. खालच्या भागाला चुण्या घालून कमरेला पट्टा बांधायचा, वरचा भाग खांद्यावर घ्यायचा. पाऊस आला की तोच भाग डोक्यावरून, रात्री पट्टा सोडला की पांघरूण. मावशी हे समजून घेत बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “म्हणजे हे घालायचं नाही, नेसायचं.” मला तो शब्द फार आवडला. एकाच कापडाचे तीन लेअर करण्याची ही युक्ती आमच्या सगळ्या बॅगेपेक्षा हुशार होती. १७४६ च्या कायद्याने पुरुषांच्या हायलँड पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा लेखक वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकाराने टार्टनचा, म्हणजे तिथल्या चौकड्यांच्या लोकरी कापडाचा, असा काही थाट झाला की बंदी घातलेलं कापड देशाची ओळख होऊन बसलं.

संध्याकाळी कॅल्टन हिल. चढ लहान, पण माथ्यावर आडोसा नाही. वर बारा उंच खांब उभे आहेत. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या धर्तीवर स्मारक बांधायचं म्हणून १८२६ मध्ये काम सुरू झालं, पैसे संपले, १८२९ मध्ये थांबलं ते कायमचं. सूर्य किल्ल्यामागे उतरत होता. मी पिशवीतलं कार्डिगन काढून क्विल्टेड जॅकेटखाली घातलं, वर कोट, टोपी, हातमोजे. हातमोजे कोटाच्या बाहीत सरकवले, बाहीच्या वर नाही. वारा मनगटातून शिरायचा थांबला. खाली शहरातले दिवे लागेपर्यंत आम्ही तिथे होतो.

तिसरा दिवस

सकाळपासून पाऊस. मी जीन्स घातली, आणि ती या पाच दिवसांतली माझी सगळ्यात मोठी चूक ठरली. रेनजॅकेट कमरेपर्यंत, त्यावरून ओघळलेलं सगळं पाणी मांड्यांवर. छत्री उघडली तर दुसऱ्याच मिनिटाला वाऱ्याने उलटी झाली, आणि आजूबाजूला पाहिलं तर छत्री घेतलेलं माणूस क्वचितच दिसत होतं. सगळ्यांच्या डोक्यावर जॅकेटचीच टोपी. अकरा वाजेपर्यंत जीन्स गुडघ्यापर्यंत भिजून जड झाली. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगाला चिकटतं, मग ते ऊब देण्याऐवजी ऊब ओढून घेतं. लोकरीचं तसं नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये अडकलेली हवा ऊब राखते. जीन्सच्या वर, रेनजॅकेटच्या आत, माझा मेरिनो टॉप आणि स्वेटर दिवसभर तसेच उबदार होते. म्हणजे अंगाच्या वरच्या भागात ऊब आणि खाली हुडहुडी.

पावसात घालायचा कोट या देशाने जगाला दिलाय, हे मला त्या ओल्या दिवशी फार जवळचं वाटलं. ग्लासगोत जन्मलेले चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये नॅफ्था या द्रवात विरघळवलेल्या रबराचा थर देऊन पाणी न शिरणारं कापड केलं आणि १८२३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. रबराचा थर मध्ये, कापडं दोन्ही बाजूंना : तोही एक लेअरिंगचाच विचार.

पावसापासून आडोसा म्हणून माउंड या रस्त्यावरच्या नॅशनल गॅलरीत शिरलो आणि तिथे हेन्री रेबर्न यांच्या नावावर असलेलं, १७९० च्या दशकातलं ते प्रसिद्ध चित्र पाहिलं : डडिंग्स्टन लोखच्या (लोख म्हणजे तळं) गोठलेल्या पाण्यावर स्केटिंग करणारे पाद्री, रॉबर्ट वॉकर. हाताची घडी, एक पाय मागे उचललेला, चेहरा शांत. टोपीपासून मोज्यांपर्यंत सगळं काळं. गळ्याशी तेवढा पांढरा रुमाल. मागे धूसर, गुलाबी-राखाडी आकाश.

मावशी चित्राच्या अगदी जवळ गेली. “कोट बघ,” ती म्हणाली. “हाताची घडी घातलीय आणि पाठीवर एक सुरकुती ओढलेली नाही. याचा मुंढा बरोबर आहे.”

मी ते चित्र पुस्तकांत आणि फ्रिजवरच्या मॅग्नेटवर पाहिलं होतं. मुंढ्याच्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. आणि एकदा तसं पाहिल्यावर दुसरीही गोष्ट दिसली. एवढ्या काळ्यात काळे वेगवेगळे आहेत. कोटाचा काळा मऊ आहे, टोपीचा घट्ट, मोज्यांचा जरा उजळ. एका रंगात तयार व्हायचं असेल तर कापडांचा पोत वेगवेगळा हवा, नाहीतर सगळं सपाट दिसतं. माझ्या नेव्ही टॉप-नेव्ही जीन्समध्ये जे मला सकाळपासून खटकत होतं ते हेच होतं.

बाकी दिवस खोलीत. जीन्स रात्रभर वाळली नाही. स्वेटर ओलसर होता तो मी हीटरवर टाकायला निघाले, तर मावशीने हातातून काढून घेतला. टॉवेलवर सपाट पसरला, टॉवेलसकट गुंडाळला, दाबला, उलगडला आणि खुर्चीच्या सीटवर आडवा ठेवला. ओली लोकर टांगली की लांबते, आणि थेट गरम हीटरवर टाकली की आक्रसून राठ होते. सकाळी स्वेटर कोरडा होता, खांदे जागच्या जागी.

चौथा दिवस

लख्ख ऊन. जीन्स ओली म्हणून स्कर्ट आणि जाड टाइट्स. पायात बूट, अंगात साय रंगाचा टॉप, वर राखाडी स्वेटर, स्कार्फ. आणि वरती? कोट स्वेटरवर बसत नाही, रेनजॅकेट स्कर्टवर शोभत नाही. क्विल्टेड जॅकेट घातलं आणि निघालो. बाह्यांना वारा लागत होता, पण ऊन होतं म्हणून निभावलं.

डीन व्हिलेज हे शहराच्या मधोमध, नदीच्या खोलगट दरीत दडलेलं जुनं गिरण्यांचं गाव. वॉटर ऑफ लीथ नावाची लहानशी नदी, तिच्या काठाने पायवाट. पाण्यावर पिवळी पानं तरंगत चाललेली. वाटेवर अभियंते थॉमस टेलफर्ड यांचा डीन ब्रिज डोक्यावरून जातो, १८३१ चा, एवढा उंच की त्यावरच्या बसचा आवाजही खाली जेमतेम पोचतो. त्याच्या पुढे सेंट बर्नार्ड्स वेल, गोल खांबांची छोटी देवळासारखी वास्तू, १७८९ ची. झाडांखालून चालताना गार, उघड्यावर आलं की गरम. स्वेटर मी दोनदा काढला आणि दोनदा घातला. काढलेला स्वेटर कमरेला न बांधता खांद्यांवर टाकून बाह्यांची सैल गाठ छातीवर मारली तर पाठीवर ऊब राहते आणि दिसतंही छान.

पायवाटेने स्टॉकब्रिजला पोचलो. तिथे रस्त्यावर जुन्या वस्तूंची, धर्मादाय संस्थांनी चालवलेली बरीच दुकानं आहेत. एका दुकानात मावशी सरळ कोटांच्या रांगेपाशी गेली आणि एकेक बाही दोन बोटांत धरून पुढे सरकू लागली. डोळ्यांनी बघतच नव्हती. मग एका बाहीवर बोटं थांबली.

पुरुषी मापाचं ट्वीडचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं, जॅकेट. लांबून तपकिरी. जवळ नेल्यावर तपकिरी कुठेच नाही : शेवाळी हिरवा, गंज, पिवळा, निळ्याची एक सूक्ष्म रेघ, कुठेतरी चक्क जांभळा धागा. ट्वीडसाठी लोकर आधी रंगवतात, मग वेगवेगळे रंग एकत्र मिसळून सूत काततात, म्हणून एकेका धाग्यात चार-पाच रंग असतात. आत खिशाजवळ लेबल, त्यावर गोलाचं आणि क्रॉसचं चिन्ह : हॅरिस ट्वीड. हे नाव कुणालाही लावता येत नाही. १९९३ च्या कायद्याप्रमाणे लोकर शुद्ध नवी हवी, ती आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि कापड तिथल्या रहिवाशांनी आपल्या घरी हातमागावर विणलेलं हवं.

मावशीने जॅकेट उलटं केलं. अस्तर डाव्या काखेत झिजलेलं, एका जागी विरलेलं. मुंढ्याच्या टिपेवरून अंगठा फिरवला. दाबात कापड भरपूर होतं. कोपरापाशी कापड उजेडात धरलं. कुठेही पातळ झालेलं नव्हतं.

“घाल. स्वेटरवर. आणि हात वर कर.”

हात वर गेले. कोपरं कानांना लागली. पाठीवर ओढ नाही, बाह्या मनगटावर एक बोट सरकल्या आणि हात खाली येताच जागेवर आल्या. खांदे जरा उतरत होते, पण मावशी म्हणाली की आत स्वेटर असला की ते भरून निघतील, आणि नसला की सैल जॅकेटसारखे दिसतील, दोन्ही चालेल. ३५ पौंडांना ते जॅकेट माझं झालं.

तिथून चालत रॉयल बोटॅनिक गार्डनला गेलो. १६७० पासूनची ही संस्था. मेपलच्या झाडांखाली लाल, केशरी, पिवळा असा एवढा रंग होता की जमिनीवरच्या गवताचा हिरवा डोळ्यांना थंड वाटत होता. बीचच्या झाडांचं एक उंचच उंच कुंपण आहे, घराएवढ्या उंचीचं, आणि ते संपूर्ण तांबूस झालेलं. त्या कुंपणाजवळ उभं राहून मी माझी बाही पानांना लावून पाहिली. ट्वीडमधला गंज आणि पानातला गंज वेगळा करता येईना. ज्या बेटांवर हे रंग मिसळले जातात तिथल्या जमिनीवरून, शेवाळावरून, पाण्यावरून ते आलेले असतात असं म्हणतात ते का, हे त्या एका बाहीकडे बघून कळत होतं.

रात्री मावशीने झिजलेल्या अस्तराला आतून ठिगळ लावलं. कापड कुठून? तिने स्वतःचा सुती रुमाल कापला, निळ्या चौकड्यांचा.

पाचवा दिवस

रात्रीचं विमान होतं, म्हणून सकाळी आर्थर्स सीट. २५१ मीटर उंचीचा, विझलेल्या ज्वालामुखीचा डोंगर, शहराच्या आत. मावशीच्या गुडघ्यांचा विचार करून टॅक्सीने डनसपी लोखपर्यंत गेलो. त्या बाजूने चढ कमी पडतो.

चढायच्या आधी, थंडी वाजत असतानाच, एक लेअर काढून ठेवला. हे मनाला पटत नाही, पण करायलाच हवं. चढताना घाम आला आणि आतला टॉप ओला झाला की माथ्यावरचा वारा त्या ओल्या टॉपमधून हाडांपर्यंत पोचतो. म्हणून चढताना साय रंगाचा टॉप आणि त्यावर शर्ट, बटणं उघडी. अर्ध्या वाटेत मावशीनेही स्वेटर काढला. माथ्याच्या अलीकडे, कातळाच्या आडोशाला थांबून पुन्हा सगळं चढवलं : शर्टाची बटणं, स्वेटर, ट्वीड, स्कार्फ. मग वर गेलो. वाऱ्याने उभं राहणं कठीण होतं. ट्वीड वारा पूर्ण अडवत नाही, म्हणून रेनजॅकेट ट्वीडच्या आत, स्वेटरवर घातलं. वारा अडवणारा पदर आत आणि लोकर बाहेर. दिसायला नुसतं ट्वीड. ही जोडणी मावशीला माझ्याकडून मिळाली, आणि तिने लगेच तशीच आपलीही केली.

खाली आग्नेयेला एक तळं दिसलं. डडिंग्स्टन लोख. परवाच्या चित्रातलं. पाणी गोठलेलं नव्हतं, त्यावर हंस होते आणि काठाची लव्हाळी पिवळी पडली होती. मावशी त्याच्याकडे हाताची घडी घालून बराच वेळ बघत राहिली.

दुपारी बॅग भरली. जीन्स अखेर वाळली होती. कॅमल कोट घडी घालून बॅगेत गेला, बूट बॅगेच्या तळाशी, टॉप गुंडाळून बुटांमध्ये. पाच दिवसांत आणलेल्या कपड्यांपैकी एकही न वापरलेला नव्हता. सुरक्षा तपासणीला ट्रेमध्ये ट्वीड, त्यावर स्वेटर, त्यावर स्कार्फ ठेवले आणि मी शर्टात पलीकडे गेले. पलीकडे जाऊन उलट्या क्रमाने परत चढवले.

विमानात आमची रांग आली. मावशी खिडकीशी बसली. मी वरचा कप्पा उघडला. अंगावर टॉप, शर्ट, स्वेटर, ट्वीड. बॅग छातीपर्यंत उचलली, मग डोक्यावर, मग कप्प्यात आत ढकलली आणि चाकं आतल्या बाजूला वळवली. काखेत फक्त रुमालाचं ठिगळ मऊसर लागलं. मावशी वर बघत होती, चष्म्याच्या वरून, माझ्या उजव्या मुंढ्याकडे.

“ठेव अजून माझीही,” ती म्हणाली आणि आपली बॅग माझ्या हातात दिली.